एका परीक्षणाचे तीन खर्डे

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मराठी मासिकातलं आहे. नावं, गाव आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. परीक्षणाचे तिन्ही खर्डे, त्यांच्या समासातले शेरे आणि मेलची देवाणघेवाण संबंधितांनी मला वाचायला दिली. परीक्षणलेखन शिकवताना मी हे प्रकरण वापरतो. एकाच चित्रपटाबद्दल तीन समजूतदार माणसं तीन टोकांना उभी राहिली आणि तिघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं, असं नेहमी होत नाही.

मासिक लहान. संपादिका, एक उपसंपादक, पानं लावणारे एक सहकारी आणि बाहेरून लिहिणारी मंडळी, एवढाच कारभार. चित्रपटाचं सदर बरीच वर्षं एकच गृहस्थ लिहीत. बँकेतून निवृत्त झालेले, फिल्म सोसायटीच्या चळवळीत मुरलेले, मजकूर वेळेवर आणि शब्दमर्यादेत देणारे. कार्यालयात सगळे त्यांना ‘काका’च म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणेन. उपसंपादक पत्रकारितेचा अभ्यासक्रम करून आलेली तरुण मुलगी. पानं लावणाऱ्या सहकाऱ्यांना सगळे ‘दादा’ म्हणत. मासिकात येण्याआधी ते मुंबईतल्या एका वृत्तवाहिनीच्या पीसीआरमध्ये, म्हणजे जिथून प्रक्षेपणाची बटणं दाबली जातात त्या खोलीत, पॅनलवर बसायचे. नोव्हेंबर २००८ मध्ये, मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला तेव्हा, ते तिथेच होते. हा तपशील पुढे फार महत्त्वाचा ठरला, पण काम वाटून देताना तो कुणाच्या लक्षात आला नव्हता.

२०२५ च्या मार्च अंकासाठी काकांनी ‘सप्टेंबर ५’ निवडला. ऑस्करचे दिवस होते. चित्रपटाला मूळ पटकथेचं नामांकन होतं आणि त्याआधी गोल्डन ग्लोबमध्ये सर्वोत्कृष्ट नाट्यपटाचंही. संपादिकेने होकार देताना विषय विचारला. काका म्हणाले, “म्युनिक ऑलिंपिक. टीव्हीवाल्यांच्या नजरेतून. मस्त थरारपट आहे.” तेवढ्यावर पान राखून ठेवलं गेलं.

चित्रपट आणि त्याचं स्वागत

५ सप्टेंबर १९७२. म्युनिक ऑलिंपिकच्या क्रीडाग्रामात पहाटे ‘ब्लॅक सप्टेंबर’ या पॅलेस्टिनी संघटनेचे आठ जण कॉनोलीस्ट्रासवरच्या इस्रायली पथकाच्या निवासात घुसले. दोघांना त्यांनी तिथेच मारलं आणि नऊ जणांना ओलीस धरलं. इस्रायली तुरुंगातल्या दोनशेहून अधिक कैद्यांची सुटका ही त्यांची मागणी होती. दिवसभर मुदती वाढत गेल्या. रात्री फुर्स्टेनफेल्डब्रुकच्या लष्करी धावपट्टीवर जर्मन पोलिसांनी केलेली सुटकेची कारवाई पूर्ण फसली. नऊच्या नऊ ओलीस, एक जर्मन पोलिस आणि आठांपैकी पाच हल्लेखोर ठार झाले.

हे सगळं अमेरिकेला दाखवलं ते एबीसी या तिथल्या वाहिनीच्या क्रीडा विभागाने. पोहण्याच्या शर्यती आणि बॉक्सिंग दाखवायला आलेली माणसं जवळच होती, कॅमेरे होते, उपग्रहाची वेळ होती. बातमीदारीचा सराव मात्र बहुतेकांना नव्हता. स्विस दिग्दर्शक टिम फेलबाउम यांनी साधारण दीड तासाचा चित्रपट जवळजवळ पूर्णपणे याच नियंत्रण कक्षात कोंडला आहे. क्रीडा विभागाचे प्रमुख रून आर्लेज यांच्या भूमिकेत पीटर सार्सगार्ड, त्या दिवशी पॅनलवर बसलेल्या तरुण जेफ्री मेसनच्या भूमिकेत जॉन मॅगारो, सारखा ‘थांबा, आधी विचार करा’ म्हणणाऱ्या मार्विन बेडरच्या भूमिकेत बेन चॅप्लिन. जर्मन दुभाषी मारिआने हे कल्पित पात्र लिओनी बेनेश यांनी केलं आहे.

खोलीतलं यंत्रसामान पाहणं हा स्वतंत्र आनंद आहे. पडद्यावर नाव झळकवायचं तर काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं हाताने रोवायची. वार्ताहर पीटर जेनिंग्जचा आवाज थेट प्रक्षेपणात घ्यायचा तर टेलिफोनचा रिसीव्हर उघडून तारा जोडायच्या. आपल्या वाहिन्यांवर ज्याला ‘फोनो’ म्हणतात तो तिथे डोळ्यांदेखत जन्माला येतो. स्टुडिओतला अवजड कॅमेरा ढकलत बाहेर न्यायचा. क्रीडाग्रामाची दारं बंद झाल्यावर एका कर्मचाऱ्याला खेळाडूचं सोंग देऊन फिल्मची रिळं आत-बाहेर करायची.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस व्हेनिस महोत्सवात चित्रपट पहिल्यांदा दिसला, डिसेंबरमध्ये अमेरिकेत लागला. जगभरच्या बहुसंख्य समीक्षकांनी तो उचलून धरला. हान्सयोर्ग वाइसब्रिख यांचं संकलन, मार्कस फोर्डरर यांचं छायाचित्रण, जुन्या चित्रफितींशी नव्या चित्रीकरणाचा बेमालूम सांधा, हे कौतुक बहुतेक ठिकाणी सापडतं. तक्रारीही ठरलेल्या होत्या. गाझातलं युद्ध सुरू असताना आलेला हा चित्रपट त्या संघर्षाबद्दल तोंडच उघडत नाही. पॅलेस्टिनी माणूस त्यात दिसतो तो बाल्कनीतला मुखवटा घातलेला, बिनचेहऱ्याचा. आणि ‘आम्ही फक्त पत्रकारितेबद्दल बोलतोय’ हा पवित्राच एक राजकीय पवित्रा आहे. उलट बाजूने म्हटलं जात होतं की ही तक्रार चित्रपटाबद्दल नाही, टीकाकाराच्या मनातल्या दुसऱ्याच चित्रपटाबद्दल आहे.

अडचण

काकांचा पहिला खर्डा वाचायला झकास होता. पहिल्याच परिच्छेदात ‘श्वास रोखून धरायला लावणारा’ होतं, पण पुढे संकलनाबद्दल त्यांनी जे लिहिलं होतं ते फार कमी जणांना लिहिता येईल. एखादा निर्णय उच्चारला जाण्याआधीच संकलक मॉनिटरवर उडी घेतो, त्यामुळे माणसांच्या आधी चित्रं निर्णय घेत आहेत असं वाटतं, ही त्यांची नोंद मला अजून पाठ आहे. अडचण झाली ती एका वाक्याने. ते जसंच्या तसं देतो:

‘राजकारणाच्या दलदलीत न शिरता दिग्दर्शकाने केवळ नियंत्रण कक्षातला थरार टिपला आहे, आणि हेच त्याचं मोठं यश.’

उपसंपादकाने समासात लिहिलं: “काका, हे यश कसं? दलदल कोणाची? आठ माणसं बंदुका घेऊन का आली हे कळायला नको असं म्हणायचंय का?”

दादांचा आक्षेप वेगळाच. पान लावताना त्यांनी मजकूर वाचला आणि सरळ संपादिकेच्या टेबलाशी गेले. त्यांचं म्हणणं, परीक्षणात छतावरचा प्रसंगच नाही. ट्रॅकसूट घातलेले पोलिस इमारतीच्या छतावर चढतात, एबीसीचा कॅमेरा ते थेट दाखवत असतो, आणि मग खोलीतल्या कुणाला तरी प्रश्न पडतो की आत ओलिसांसोबत बसलेल्यांच्या खोलीतही टीव्ही असेल, तर? इमारतीची वीज तोडलेली नव्हती. पुढे सशस्त्र जर्मन पोलिस नियंत्रण कक्षात घुसून प्रक्षेपण थांबवायला लावतात. “हा प्रसंग सोडून या पिक्चरवर लिहिणं म्हणजे काय ते मला कळत नाही, ताई,” एवढं बोलून ते परत आपल्या जागेवर गेले.

काकांचं उत्तर मेलवर आलं आणि तेही कमकुवत नव्हतं. परीक्षण चित्रपटाचं असतं, घटनेचं नाही. म्युनिकच्या राजकारणावर पुस्तकं आहेत, माहितीपट आहेत, स्पीलबर्गचा २००५ चा चित्रपट आहे. या दिग्दर्शकाने एक खोली निवडली, त्या खोलीत तो किती प्रामाणिक राहिला एवढंच मी पाहणार. शिवाय चित्रीकरण ७ ऑक्टोबर २०२३ च्या आधीच पूर्ण झालं होतं, तेव्हा गाझाबद्दल तो गप्प का, हे विचारणं अन्यायाचं आहे.

याच दरम्यान एक साधी चूकही सापडली. काकांनी लिहिलं होतं की निवेदक जिम मॅके यांची भूमिका करणाऱ्या नटाने ‘संयत अभिनयाचा वस्तुपाठ’ घालून दिला आहे. मॅके यांची भूमिका कोणी केलेलीच नाही. पडद्यावर दिसतात ते १९७२ चे खरे मॅके, एबीसीच्या जपून ठेवलेल्या चित्रफितींतले. उपसंपादकाने श्रेयनामावली तपासताना ही गोष्ट पकडली. चूक लाजिरवाणी, पण बोलकीही होती. इतकी वर्षं चित्रपट पाहणाऱ्या डोळ्यांनाही खरी फीत आणि नाट्य यांतला सांधा दिसला नाही, म्हणजे तो सांधा किती चिरेबंद आहे. हाच मुद्दा परीक्षणात यायला हवा होता. नुसती दुरुस्ती करून तो सोडून देणं म्हणजे आयती आलेली गोष्ट घालवणं होतं.

छपाईची तारीख जवळ होती.

समोरचे पर्याय

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ते वाक्य आणि मॅकेंचा उल्लेख काढायचा आणि पान सोडायचं. वाचकाला काही खटकलं नसतं. पण वाक्य काढून टाकल्याने त्यामागचा विचार परीक्षणातून जात नाही. उरलेला मजकूर त्याच विचाराच्या पायावर उभा होता.

दोन परीक्षणं शेजारी-शेजारी छापावीत, ही सूचना उपसंपादकाची. काकांचं एक, तिचं एक. वरवर न्याय्य, आणि हल्ली बऱ्याच ठिकाणी असं करतात. संपादिकेला ती पटली नाही, आणि माझ्या मते हा तिचा सगळ्यात चांगला निर्णय होता. दोन परीक्षणं छापली की एकाकडे ‘कला’ जाते आणि दुसऱ्याकडे ‘राजकारण’. मग दोघांनाही दुसऱ्याचं म्हणणं अंगाला लावून घ्यावं लागत नाही, आणि वाचक आपल्याला आधीपासून पटणारं अर्धं पान वाचून उठतो. या चित्रपटाचा पेच असा की त्याचं कसब आणि त्याचा आंधळेपणा एकाच निवडीतून आले आहेत. खोलीबाहेर न पडण्यातूनच ताण तयार होतो आणि त्यातूनच पॅलेस्टिनींना चेहरा मिळत नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाने, एकाच परिच्छेदात लिहायला हवीत.

परीक्षण दादांकडून लिहून घ्यावं, असंही एकदा बोलून झालं. दादांनीच नकार दिला.

उरला तो मार्ग महागडा: परीक्षण या अंकातून काढायचं, काकांना पुन्हा लिहायला सांगायचं, पान दुसऱ्या मजकुराने भरायचं. यात ऑस्करचा मुहूर्त हुकणार होता. आणि ज्येष्ठ लेखकाला ‘पुन्हा लिहा’ म्हणणं हे आपल्याकडच्या छोट्या मासिकांत किती अवघड असतं, हे ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. मानधन नावापुरतं, लेखक वयाने मोठा, संबंध घरोब्याचे. बहुतेक संपादक अशा वेळी गुपचूप स्वतःच दोन वाक्यं बदलतात आणि अंक आल्यावर फोन उचलत नाहीत.

निर्णय आणि कृती

संपादिकेने फोन केला, मेल नाही. तिने ‘वाक्य चुकीचं आहे’ असं म्हटलं नाही. ती म्हणाली, “काका, तुम्ही लिहिलंय की तो खोलीत राहिला हे यश. मला वाचक म्हणून विचारायचंय, खोलीत राहण्याची किंमत कोणी मोजली? ते सापडलं तर लिहाल का? पान मी एप्रिलला ठेवते.”

काका नाराज झाले. मात्र त्यांनी चित्रपट पुन्हा पाहिला, आणि या वेळी एक वही घेऊन बसले. त्या वहीची दोन पानं माझ्याकडे आहेत. तीन रकाने आखलेले: ‘निर्णय’, ‘तेव्हा त्यांना काय ठाऊक होतं’, ‘भरपाई कोणी केली’. पहिल्या रकान्यात बारीक अक्षरांत नोंदी आहेत. बातमी वृत्त विभागाकडे न देता क्रीडा विभागानेच ठेवायची. ‘दहशतवादी’ हा शब्द हवेवर वापरायचा की नाही. आईबाप घरी टीव्हीसमोर बसलेले असताना त्यांच्या मुलावर गोळी झाडली गेली तर चित्र तोडायचं की नाही. प्रतिस्पर्धी वाहिनीला चित्र द्यावं लागलं तर कोपऱ्यात आपलं नाव ठेवायचं. बऱ्याच नोंदींपुढे दुसरा रकाना रिकामाच आहे.

शेवटची नोंद सगळ्यात लांब. रात्री धावपट्टीकडून बातमी येते की ओलीस सुटले. बेडर म्हणतो, खात्री करा. मेसन घाईत आहे, दुसरी वाहिनी आधी सांगेल ही भीती आहे. ‘असं ऐकू येतंय’ अशा मोघम शब्दांच्या आडोशाने बातमी हवेवर जाते. खोलीत हशा, पेयं, पाठ थोपटणं. इतिहासातही असंच झालं होतं. मोहीम यशस्वी झाल्याचं जर्मन सरकारच्या प्रवक्त्यानेही त्या रात्री सांगितलं होतं. मग ६ सप्टेंबरच्या पहाटे मॅके यांना कॅमेऱ्यासमोर सांगावं लागलं की कोणीच उरलेलं नाही.

दुसरा खर्डा मधल्या मुक्कामासारखा होता. त्यात काकांनी म्युनिकचा आणि जर्मन पोलिसांच्या अपयशाचा इतका इतिहास ओतला की चित्रपटच हरवला. आक्षेप मान्य केल्यावर लेखक असा उलट्या टोकाला जातो, हे मी कार्यशाळेत नेहमी पाहतो. संपादिकेने त्यावर फार लिहिलं नाही. पहिल्या खर्ड्यातला संकलनाचा परिच्छेद तिने पिवळ्या रंगाने अधोरेखित करून परत पाठवला, एवढंच.

तिसरा खर्डा छापला गेला. ‘दलदल’ गेली. त्या जागी हे आलं:

‘कॅमेरा जवळजवळ खोलीतून बाहेर पडत नाही. त्यामुळे बाहेर कोण आणि का आलं आहे हे खोलीतल्यांना जसं कळत नाही, तसं आपल्यालाही कळत नाही. ओलीस सुटल्याची खोटी बातमी येते तेव्हा आपणही त्यांच्याबरोबर सुटकेचा श्वास टाकतो आणि त्यांच्याबरोबर तोंडघशी पडतो. खोलीचं तोकडेपण चित्रपटाला इथे पुरतं उमगलं आहे. बंदुकीमागच्या माणसाबद्दलचं तोकडेपण मात्र त्याला उमगल्याचं दिसत नाही.’

शेवटची दोन वाक्यं या सगळ्या खटाटोपाची कमाई आहेत. चित्रपट स्वतःच्या एका उणिवेचा हिशेब देतो आणि दुसरीचा देत नाही, असा नेमका भेद मी वाचलेल्या इंग्रजी परीक्षणांत क्वचितच सापडला. मारिआनेच्या रूपाने जर्मन अपराधभावाला आवाज मिळाला आहे. चमूतल्या एका उत्तर आफ्रिकी मुळाच्या फ्रेंच तंत्रज्ञाच्या तोंडून अरबांबद्दलच्या शेरेबाजीवर एखादा खटका उडतो, पण तेवढ्यावरच भागवलं आहे.

चित्रीकरणाच्या तारखेचं काय करायचं हा मुद्दा राहिला होता. काकांनी तो बचावासाठी वापरला होता. उपसंपादकाचं म्हणणं होतं की चित्रीकरण आधी झालं हे खरं, पण संकलन, प्रदर्शनाची वेळ आणि प्रसिद्धीची भाषा या गोष्टी नंतर ठरल्या. तेव्हा गप्प राहणं हाही निर्णयच. शेवटी तारीख छापली, पण बचावाच्या किंवा आरोपाच्या सुरात नाही, नुसती माहिती म्हणून. मला हे थोडं पळपुटं वाटतं. इथे परीक्षणाने बाजू घ्यायला हवी होती.

मुंबईची चौकट

दादांनी लिहायला नकार दिला होता, पण संपादिकेने त्यांच्याकडून एक टिपण मागितलं: छतावरचा प्रसंग पाहताना तुम्हाला काय दिसलं? आलेलं टिपण परीक्षणापेक्षा लांब होतं. पीसीआरमधल्या भिंतीवर शेजारी-शेजारी लावलेले इतर वाहिन्यांचे पडदे. त्यांच्यावर काय चाललंय ते बघून आपलं चित्र ठरवणं. २८ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरणारे एनएसजीचे कमांडो. ती फ्रेम मिळाल्यावर खोलीत उमटलेला ‘आलं, आलं!’ असा ओरडा. ते वाचताना अंगावर काटा येतो.

इथे खरा धोका होता. परदेशी कलाकृती हाती आली की ती लगेच आपल्या गोष्टीचं निमित्त करून टाकायची, ही मराठी परीक्षणाची जुनी खोड. म्युनिकमध्ये मेलेली माणसं मुंबईचा दृष्टान्त द्यायला मेलेली नाहीत. दुसरीकडे, मराठी वाचक हा प्रसंग नरिमन हाउस आठवल्याशिवाय पाहूच शकत नाही, हेही तितकंच खरं. चित्रपट ज्या प्रश्नापाशी पोचून थांबतो, त्याचं उत्तर आपल्याकडे न्यायालयाच्या निकालात लिहिलेलं आहे.

टिपणाची चौकट करायचं ठरलं, आणि कापाकापी करताना एक वाक्य अडलं. दादांनी लिहिलं होतं की थेट प्रक्षेपणामुळे जवानांचे प्राण गेले. उपसंपादकाने कसाब खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २९ ऑगस्ट २०१२ चा निकाल काढला. न्यायालयाने वाहिन्यांवर कडक ताशेरे ओढले आहेत: सीमेपलीकडून फोनवर सूचना देणारे सूत्रधार हेच प्रक्षेपण पाहत होते, कारवाई त्यामुळे अतिशय अवघड आणि धोक्याची झाली, आणि हे देशहिताचं नव्हे तर वाहिन्यांच्या धंद्याच्या हिताचं होतं. मात्र प्रक्षेपणामुळे सुरक्षा दलांतलं कोणी प्रत्यक्ष मृत्युमुखी पडलं किंवा जखमी झालं का, हे सांगता येणं शक्य नाही, असंही त्याच निकालात म्हटलं आहे. दादा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “काढ ते वाक्य. पण मला तसं वाटतं, हे राहू दे.” चौकटीत तसंच छापलं: न्यायालय काय म्हणालं ते न्यायालयाच्या नावावर, दादांना काय वाटतं ते दादांच्या नावावर. जोडीला २०१५ च्या दुरुस्तीची एक ओळ आली. केबल टीव्ही नियमांतल्या त्या बदलामुळे दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण बंद झालं आणि कारवाई संपेपर्यंत नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीपुरतंच वार्तांकन करायचं ठरलं.

परिणाम

एप्रिल अंकात परीक्षण आलं तेव्हा चित्रपटाची चर्चा ओसरली होती. ऑस्कर ‘अनोरा’च्या पटकथेला मिळून महिना उलटला होता. पत्रं आली ती मात्र नेहमीपेक्षा जास्त. एका निवृत्त पत्रकाराने चौकटीचं कौतुक केलं आणि परीक्षणाचा उल्लेखही केला नाही. एका वाचकाने ‘प्रत्येक गोष्टीत मुंबई कशाला’ असं खडसावलं. आणखी एकाने मासिकावर पॅलेस्टिनींची बाजू घेतल्याचा आरोप केला, तर एका बाईंनी नेमका उलटा.

मग योगायोग घडला. २२ एप्रिलला पहलगामचा हल्ला झाला आणि २६ एप्रिलला केंद्र सरकारने सुरक्षा दलांच्या हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका अशी सूचना वाहिन्यांना दिली. २००८ चा आणि त्याच केबल नियमाचा दाखला देऊन. ८ मेच्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदरावर हल्ला झाल्याच्या बातम्या धडाधड चालवल्या, आणि त्या खऱ्या नव्हत्या. मासिकाकडे जुन्या अंकाची मागणी आली ती या पंधरवड्यात. याचं श्रेय परीक्षणाला देणं चूक ठरेल.

त्याच मे महिन्यात जर्मनीत ‘सप्टेंबर ५’ने सर्वोत्कृष्ट चित्रपटासह नऊ ‘लोला’ पुरस्कार पटकावले. काकांनी ती बातमी उपसंपादकाला पाठवली, खाली काही न लिहिता. तिने उत्तरात एक ओळ पाठवली: “काका, संकलनाचा मिळाला ना, तुमचा परिच्छेद खरा ठरला.” संबंध पूर्ववत झाले म्हणायला हरकत नाही. तरी तिचं समाधान झालेलं नाही. तिच्या मते मूळ आक्षेपाला दोन वाक्यं मिळाली आणि मुंबईला अख्खी चौकट. तिचं गणित बरोबर आहे.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट काम देण्याआधीची. ‘मस्त थरारपट आहे’ हे उत्तर संपादिकेने तसंच घेतलं. त्याच वेळी ‘यात वाद कशावरून झालाय?’ एवढं विचारलं असतं, तर काकांनी पहिल्याच वेळी वही घेतली असती. व्हेनिसपासून मार्चपर्यंत सहा महिन्यांत झालेली चर्चा कुणालाही वाचता येण्यासारखी होती. काकांचा दंडक असा की स्वतः लिहून होईपर्यंत इतरांचं वाचायचं नाही. ताज्या चित्रपटाला हा दंडक शोभतो. ज्याचं स्वागत हीच एक बातमी झाली आहे त्याला तो शोभत नाही.

दुसरी, श्रेयनामावली. ती परीक्षण आल्यावर तपासली जाते, लिहिण्याआधी नाही. मॅकेंची चूक सापडली ती उपसंपादक चिकट आहे म्हणून.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते. आठ जणांच्या मागणीचा, त्यांच्या संघटनेचा, दोनशे कैद्यांचा उल्लेख परीक्षणात एका उपवाक्यात आहे. चित्रपट पार्श्वभूमी देत नाही अशी तक्रार करणाऱ्या परीक्षणानेही ती दिली नाही. चार वाक्यं पुरली असती. ती लिहिण्याने कुणाचं समर्थन होत नाही.

आणि शेवटी पानाची मांडणी. चौकट परीक्षणाच्याच पानावर, वर उजवीकडे, नरिमन हाउसच्या छायाचित्रासह लावली गेली. वाचकाची नजर आधी तिथेच जाणार हे दादांइतकं कुणाला ठाऊक नसेल, आणि तरी त्यांनी ती तिथे लावली. विचारल्यावर म्हणाले की दुसरीकडे जागाच नव्हती. संपादिकेचं म्हणणं, पुढच्या पानावर अर्धी जाहिरात होती, ती सरकवता आली असती. चौकट तिथे, छायाचित्राशिवाय गेली असती तर निवृत्त पत्रकारांनी परीक्षणही वाचलं असतं, अशी तिची खात्री आहे. दादांना ते अजून मान्य नाही.